परदेशी विमान तिकिटाचा दर कसा ठरतो? व्हिसा फी, बंद आकाश आणि राजकारण यांचा संबंध

आपल्या पेठ तालुक्यात विमानतळ नाही आणि रेल्वेही नाही. नाशिक गाठायचं तर सावळघाटातून साधारण ५५ किलोमीटर जायचं. मग इथल्या माणसाने परदेशी विमान तिकिटांचा विचार कशाला करायचा, असं कुणी म्हणेल. पण आता परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलं आपल्याकडेही आहेत. आखातात ड्रायव्हर, वेल्डर किंवा कुक म्हणून जायची चौकशी करणारे आहेत, आणि कुणाची लेक-जावई नाशिक-पुण्याहून पुढे जर्मनी-अमेरिकेला पोचले आहेत. अशा घरात एकच प्रश्न येतो: काल तिकीट ४० हजार दाखवत होतं, आज ६५ हजार कसं काय?

याचं उत्तर सीझन आणि सुट्ट्या एवढ्यावर संपत नाही. कोणत्या देशाने कुणासाठी आकाश बंद केलं, कुणी व्हिसा फी वाढवली, कुणी मुलाखती थांबवल्या, या सगळ्याचा हिशेब त्या एका आकड्यात येऊन बसतो. हा लेख ते कसं घडतं ते समजावण्यासाठी आहे. यातले दर आणि नियम २०२५ अखेरपर्यंतचे आहेत. फी बदलत असते, त्यामुळे अर्ज भरण्याआधी संबंधित दूतावासाची अधिकृत वेबसाइट एकदा बघा.

आधी तिकिटाच्या आत काय असतं ते बघू

तुम्ही भरता त्या रकमेचे ढोबळ चार तुकडे असतात. पहिला मूळ भाडं. दुसरा विमान कंपनीचा सरचार्ज, ज्यात इंधनाचा भार येतो आणि जो बिलावर बहुतेक वेळा ‘वायक्यू’ किंवा ‘वायआर’ या कोडने दिसतो. तिसरा विमानतळांचे शुल्क. चौथा सरकारी कर. भारतातून निघणाऱ्या इकॉनॉमी तिकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, तर वरच्या वर्गांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. परतीचं तिकीट लंडनहून असेल तर त्यात ब्रिटनचा प्रवासी कर बसतो. भारताच्या अंतरासाठी २०२५-२६ साली इकॉनॉमीला तो ९० पौंड होता. म्हणजे परतीच्या तिकिटात साधारण १० हजार रुपये निव्वळ ब्रिटिश सरकारचे. हा आकडा तिथलं सरकार अर्थसंकल्पात ठरवतं.

आता मूळ भाडं. इथे बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. एका विमानात इकॉनॉमीच्या सगळ्या सीट सारख्याच असतात, पण विकताना त्या वेगवेगळ्या ‘बकेट’मध्ये ठेवलेल्या असतात. प्रत्येक बकेटला इंग्रजी अक्षराचं नाव आणि वेगळा दर. स्वस्त बकेटमध्ये समजा नऊ सीट असतील, त्या संपल्या की सिस्टिम पुढच्या, महागड्या बकेटमधून विकायला लागते. कुठल्या बकेटमध्ये किती सीट ठेवायच्या हे कंपनीचं सॉफ्टवेअर मागच्या वर्षांचा विक्रीचा वेग आणि आजची मागणी बघून सतत बदलत असतं. म्हणून दर वाढताना हळूहळू चढत नाही, पायऱ्या चढल्यासारखा उडी मारतो.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. तुम्ही चौघांचं तिकीट एकदम शोधलं आणि स्वस्त बकेटमध्ये तीनच सीट उरल्या असतील, तर बऱ्याच सिस्टिम चौघांनाही वरचा दर लावतात. आधी एकट्याचा दर बघा, मग तिघांचा, मग चौघांचा. फरक दिसला तर दोन वेगळी बुकिंग करून पैसे वाचतात. आणि ‘इन्कॉग्निटो’ उघडलं की तिकीट स्वस्त होतं, ही गोष्ट व्हॉट्सअॅपवर कितीही फिरली तरी तिच्यावर विसंबू नका. दर बकेटमुळे बदलतो.

राजकारणाचा परिणाम दोन बाजूंनी येतो. विमान उडवण्याचा खर्च वाढला किंवा विमानं कमी झाली, तर पुरवठा आटतो. व्हिसा महागला, अडला किंवा सोपा झाला, तर मागणी हलते. दोन्हींचा निकाल बकेटवरच लागतो.

आकाश बंद झालं की काय होतं?

याचं सर्वात जवळचं उदाहरण आपल्याच डोक्यावर घडलं. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला हल्ला झाला. २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी आपली हवाई हद्द बंद केली आणि ३० एप्रिलला भारताने पाकिस्तानच्या विमानांसाठी आपली. ही बंदी ‘नोटॅम’ने लागू होते. नोटॅम म्हणजे वैमानिक आणि विमान कंपन्यांसाठी काढलेली अधिकृत सूचना. ती साधारण महिनाभराची असते आणि मुदत संपत आली की दोन्ही देश नवी काढतात. त्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात दर महिन्याच्या विशीनंतर ‘मुदत पुन्हा वाढली’ अशी बातमी ठरलेली असायची.

दिल्लीहून युरोप-अमेरिकेचा सरळ रस्ता पाकिस्तानवरून जातो. तो बंद झाल्यावर विमान आधी खाली गुजरातकडे येतं, अरबी समुद्रावर जातं आणि मग वर वळतं. वाढीव वेळ मार्गानुसार काही मिनिटांपासून तासाच्या वर जातो. बोइंग ७८७ सारखं मोठं विमान तासाला ढोबळ ५ टन इंधन पितं. पण खर्च इंधनापुरता नसतो. वैमानिकांच्या ड्यूटीचे तास कायद्याने ठरलेले आहेत, ते ओलांडले तर जादा क्रू लागतो. इंधन जास्त भरलं तर वजन वाढतं, मग माल किंवा प्रवासी कमी घ्यावे लागतात. मध्ये कुठे इंधनासाठी उतरावं लागलं तर तिथलं लँडिंग शुल्क वेगळं. आणि विमान उशिरा परत आलं की त्याची पुढची फेरी बिघडते.

लहान विमानांचा प्रश्न आणखी अवघड झाला. इंडिगोच्या एकपदरी विमानांना वळसा घालून मध्य आशिया गाठताच येईना, म्हणून कंपनीने दिल्लीहून अल्माटी आणि ताश्कंदची उड्डाणं थांबवली. एअर इंडियाने सरकारला कळवलेला सुरुवातीचा अंदाज होता वर्षाला सुमारे ६० कोटी डॉलर नुकसानीचा. पुढे कंपनीच्या प्रमुखांनी हा फटका सुमारे ४ हजार कोटी रुपयांचा असल्याचं सांगितलं. १ सप्टेंबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्यासाठी दिलेल्या कारणांत ही हवाई हद्दही होती. नुकसान एका बाजूचं नव्हतं. पाकिस्तानच्या संरक्षण मंत्रालयाने त्यांच्या संसदेत दिलेला आकडा होता २४ एप्रिल ते ३० जून या काळात ४१० कोटी पाकिस्तानी रुपयांच्या महसुलाची घट. देश दुसऱ्याच्या विमानांना वरून जाऊ देतो तेव्हा त्याचं भाडं घेतो, ते बुडलं.

एक बारकावा इथे महत्त्वाचा आहे. बंदी भारतीय विमानांवर होती, भारतीय प्रवाशांवर नव्हती. परदेशी कंपन्या पाकिस्तानवरून उडतच होत्या. त्यामुळे त्याच दिल्ली-युरोप मार्गावर भारतीय कंपनीचा खर्च वाढला आणि तिच्या परदेशी स्पर्धकाचा वाढला नाही. अशा वेळी भारतीय कंपनीला सगळा खर्च तिकिटावर टाकता येत नाही, कारण ग्राहक दुसरीकडे जातो. ती तोटा सोसते, फेऱ्या कमी करते, आणि फेऱ्या कमी झाल्या की उरलेल्या सगळ्यांचेच दर वर सरकतात.

आपल्याला, म्हणजे नाशिक-मुंबईच्या बाजूच्या प्रवाशाला, या बंदीची झळ दिल्लीच्या मानाने कमी. मुंबईहून आखातात जाणारं विमान तसंही अरबी समुद्रावरूनच जातं. युरोपच्या विमानालाही मुंबईहून वळसा छोटा पडतो. म्हणून त्या काळात एक साधा नियम चालत होता: सारखाच दर असेल तर नाशिक-दिल्ली-युरोपपेक्षा थेट मुंबईहून जाणं बरं.

हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळातही पाकिस्तानचं आकाश बंद होतं. तेव्हा जुलैच्या सुरुवातीपर्यंत एअर इंडियाचं ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं होतं. इंडिगोला नव्याने सुरू केलेलं दिल्ली-इस्तंबूल विमान इंधनासाठी दोह्याला उतरवावं लागत होतं.

आखातावरही लक्ष ठेवायला हवं, कारण आपली निम्मी जगयात्रा दुबई-दोह्यात विमान बदलून होते. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी इराणने कतारमधल्या अल उदैद तळावर क्षेपणास्त्रं सोडली, त्याच सुमाराला कतारने हवाई हद्द बंद केली. बंदी काही तासांचीच होती, पण विमानं वाटेतून मागे फिरली, दोह्यात हजारो प्रवासी अडकले आणि वेळापत्रक पुढचे काही दिवस विस्कटलेलं राहिलं. स्वस्त म्हणून घेतलेल्या जोडउड्डाणाची ही दुसरी बाजू आहे.

एका शनिवारची गोष्ट: २० सप्टेंबर २०२५

व्हिसाच्या एका आदेशाने तिकीट बाजार कसा हलतो, हे त्या दिवशी उघड दिसलं. शुक्रवारी १९ सप्टेंबरला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी एच-१बी व्हिसासाठी १ लाख डॉलर शुल्काचा आदेश काढला. तो २१ सप्टेंबरला अमेरिकेच्या पूर्वेकडील वेळेनुसार रात्री १२ वाजून १ मिनिटाने लागू होणार होता. आपल्याकडे तेव्हा रविवारी सकाळचे साडेनऊ. शुल्क नेमकं कुणाला, हे पहिल्या दिवशी कुणालाच स्पष्ट नव्हतं. मायक्रोसॉफ्टसारख्या मोठ्या कंपन्यांनी बाहेर असलेल्या कर्मचाऱ्यांना मुदतीआधी अमेरिकेत परत या, असं कळवलं.

आता हिशेब करा. मुंबई-न्यूयॉर्क थेट विमानाला १५-१६ तास लागतात. मुदतीआधी उतरायचं तर शनिवारी संध्याकाळी साडेपाचच्या आत विमान सुटायला हवं. म्हणजे हाताशी काही तास आणि मोजकी विमानं. घटस्थापना सोमवारी होती, सणाला म्हणून घरी आलेले लोक बॅगा न उघडताच विमानतळाकडे निघाले. त्या दिवशीच्या बातम्यांनुसार दिल्ली-न्यूयॉर्कचं एकेरी तिकीट सुमारे ३७ हजारांवरून काही तासांत ७० ते ८० हजारांवर गेलं.

इथे विमान कंपनीत बसून कुणी ‘चला, लुटू या’ असं ठरवलं असं समजायची गरज नाही. स्वस्त बकेट आधीच संपलेल्या होत्या, उरलेल्या चारदोन सीट सर्वात वरच्या दराच्या होत्या आणि सगळे त्यांच्यावर तुटून पडले. त्यात आणखी एक वाईट प्रकार झाला. ‘फोरचॅन’ नावाच्या निनावी साइटवर काही जणांनी भारतीयांना परत येता येऊ नये म्हणून भारत-अमेरिका उड्डाणांची बुकिंग अर्धवट भरून सीट अडवायची मोहीम चालवल्याच्या बातम्या आल्या. तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे. बऱ्याच सिस्टिममध्ये तुम्ही पैसे भरण्याच्या पानावर पोचलात की ती सीट काही मिनिटं तुमच्या नावाने राखली जाते. तेवढा वेळ दुसऱ्याला ती संपलेली दिसते आणि दर वरच्या बकेटचा दिसतो. एअर इंडियाने मात्र आपली वेबसाइट सुरळीत चालू असल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे त्या मोहिमेने प्रत्यक्ष किती फरक पडला ते कुणी ठामपणे सांगू नये.

शनिवार संपायच्या आत व्हाइट हाउसने खुलासा केला: शुल्क एकदाच, आणि फक्त नव्या अर्जांना. ज्यांच्याकडे व्हिसा आधीच होता त्यांना परतायची घाई नव्हती. पण तोवर तिकिटं विकली गेली होती.

व्हिसा फी तिकिटापेक्षा जास्त? हो, कधी कधी

आता आपल्या भागातल्या विद्यार्थ्यांशी थेट संबंध असलेला भाग. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे आणि अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी शासनाची शिष्यवृत्ती आहे. समजा पेठची एक मुलगी ब्रिटनला एक वर्षाच्या मास्टर्ससाठी निघाली. तिचा हिशेब मांडू.

ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाची फी ९ एप्रिल २०२५ पासून ५२४ पौंड. त्यावर आरोग्य अधिभार, जो विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७७६ पौंड आहे. अभ्यासक्रम एक वर्षाचा असला तरी व्हिसा साधारण १६ महिन्यांचा मिळतो, म्हणून अधिभार दीड वर्षाचा धरतात: १,१६४ पौंड. एकूण १,६८८ पौंड. पौंड ११८ रुपये धरला तर जवळजवळ २ लाख रुपये. मुंबई-लंडन एकेरी तिकीट गर्दीच्या दिवसांतही याच्या एका तुकड्यात येतं! म्हणजे तिकिटात ५ हजार वाचवायला चार रात्री मोबाइल घेऊन जागणाऱ्या माणसाने हा आकडा आधी बघायला हवा.

अमेरिकेचं गणित वेगळं. विद्यार्थी व्हिसाची फी १८५ डॉलर आणि ‘सेविस’ची ३५० डॉलर, मिळून ५३५. डॉलर ८८ रुपये धरला तर ४७ हजारांच्या आसपास. याशिवाय ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या अमेरिकी कायद्यात २५० डॉलरच्या आणखी एका व्हिसा शुल्काची तरतूद आहे. तुमच्या अर्जाच्या वेळी ते घेतलं जातंय का, हे अधिकृत पानावर तपासा. जर्मनीची व्हिसा फी फक्त ७५ युरो, पण ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरून दाखवावे लागतात. ते पैसे आपलेच असतात, तिथे गेल्यावर दरमहा ९९२ युरोप्रमाणे परत मिळतात. पण निघण्याआधी बारा लाख रुपये उभे करणं म्हणजे काय, हे नागली-भातावर घर चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. शिष्यवृत्तीचं पत्र या खात्याऐवजी चालतं का, हे विद्यापीठ आणि दूतावास दोघांनाही लेखी विचारा. शिष्यवृत्तीच्या शासन निर्णयात विमानभाडं, व्हिसा फी आणि विमा यांतलं काय काय धरलं आहे आणि ते आगाऊ मिळतं की नंतर, हेही निघण्याच्या आधीच वाचून घ्या. नंतर मिळणार असेल तर तोवर कुणीतरी ते पैसे उसने काढणार आहे.

फीपेक्षाही महाग पडते ती अनिश्चितता. २७ मे २०२५ च्या सुमारास अमेरिकेने जगभर विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणं थांबवलं. १८ जूनला सोशल मीडिया तपासणीच्या अटीसह ते पुन्हा सुरू झालं. ऑगस्टच्या अखेरीला कॉलेज सुरू होणाऱ्या मुलांसाठी हे तीन आठवडे नेमके मोक्याचे. परिणाम आकड्यात दिसला: अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीनुसार ऑगस्ट २०२५ मध्ये भारतातून तिथे पोचलेले विद्यार्थी मागच्या वर्षीपेक्षा सुमारे ४४ टक्क्यांनी कमी होते. एरवी ऑगस्टच्या पंधरवड्यात मुंबई-अमेरिका विमानं विद्यार्थ्यांनी भरतात, म्हणून कंपन्या त्या तारखांच्या स्वस्त बकेट लवकर बंद ठेवतात. मागणी अशी गळाली की त्याच बकेट पुन्हा उघडाव्या लागतात. फायदा त्यालाच, ज्याच्या हातात व्हिसा आहे.

मुलाखतीची रांग हाही एक छुपा दर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी प्रतीक्षा ९९९ दिवस दाखवत होती. नातवंडाच्या बारशाला अर्ज करावा आणि शाळेच्या पहिल्या दिवशी पोचावं, असा प्रकार! २०२३ मध्ये अमेरिकी दूतावासानेच सुचवलं की थायलंडला जाणार असाल तर बँकॉकला मुलाखत देऊ शकता, तिथे प्रतीक्षा दोन आठवड्यांची आहे. म्हणजे व्हिसाच्या रांगेने मुंबई-बँकॉकची मागणी वाढवली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नियम बदलला आणि आपण राहतो त्या देशातच मुलाखत द्यावी असं सांगितलं. तो रस्ता बंद झाला.

युरोपचं शेंगेन हे पैसे वाया जाण्याचं मोठं ठिकाण. ११ जून २०२४ पासून फी ८० वरून ९० युरो झाली (६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५). अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं, आणि नकार आला तर फी परत नाही. २०२४ मध्ये भारतातून सुमारे ११ लाख अर्ज गेले, त्यातले १.६५ लाख नाकारले गेले. म्हणजे सातात एकाहून थोडा जास्त.

व्हिसा सोपा झाला किंवा मन फिरलं, तर?

थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसा माफ केला, मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून, फिलिपिन्सने जून २०२५ पासून. थायलंडला २०२३ मध्ये सुमारे १६ लाख भारतीय गेले होते, २०२४ मध्ये २१ लाख. सगळी वाढ फक्त व्हिसामुळे झाली असं नाही, पण चौघांच्या कुटुंबाचे व्हिसाचे पैसे वाचले की तो पैसा तिकिटाकडे वळतो हे उघड आहे. गंमत अशी की सुरुवातीला तिकिटं स्वस्त होत नाहीत, उलट महागतात, कारण गर्दी लगेच येते आणि जादा विमानं यायला काही महिने लागतात.

उलटंही होतं. जानेवारी २०२४ मध्ये मालदीवच्या मंत्र्यांच्या टिप्पण्यांवरून वाद पेटला. २०२३ मध्ये तिथे २.०९ लाख भारतीय गेले होते, २०२४ मध्ये १.३ लाख. मे २०२५ मध्ये तुर्कस्तान आणि अझरबैजानने पाकिस्तानची बाजू घेतल्यावर मेकमायट्रिपने आठवडाभरात तिथलं बुकिंग ६० टक्क्यांनी घटल्याचं आणि रद्द करणाऱ्यांचं प्रमाण २५० टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं. पुण्याच्या बाजारात व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं बंद केलं, ते याच लाटेत. यात व्हिसा बदलला नव्हता, फी बदलली नव्हती. लोकांनी आपणहून पाय मागे घेतला.

कॅनडाचं प्रकरण सरकारांमधलं होतं. २१ सप्टेंबर २०२३ ला भारताने कॅनडात व्हिसा देणं थांबवलं. काही प्रकार २६ ऑक्टोबरला सुरू झाले, पण ई-व्हिसा २२ नोव्हेंबरला, दिवाळी उलटून गेल्यावर. ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड होतं ते निवांत आले. परदेशात नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांना हे कार्ड काढून ठेवायला सांगण्याचं याहून चांगलं कारण नाही.

दुबईचं तिकीट सणासुदीला इतकं का चढतं?

थोडक्यात सांगतो. दोन देशांमधली उड्डाणं मनाला येईल तेवढी नसतात, सरकारांच्या करारात आठवड्याच्या सीटची संख्या ठरलेली असते. भारत-दुबईसाठी ती प्रत्येक बाजूला आठवड्याला सुमारे ६६ हजार आहे आणि २०१४ नंतर वाढलेली नाही. एमिरेट्सला आणखी हव्या आहेत. भारत सरकार हात आखडता घेतं, कारण भारतीय कंपन्यांनी लांबची थेट उड्डाणं वाढवावीत असा त्यांचा विचार आहे. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि अॅमस्टरडॅम सुरू केलं ते त्याच दिशेने. धोरण दीर्घकाळात बरोबर असेलही, पण आज त्याचा भार दुबईला कामाला जाणारा मजूर उचलतो, हे माझं मत.

पेठहून निघताना

पासपोर्टसाठी नाशिक, बायोमेट्रिकसाठी मुंबई किंवा पुणे. अमेरिकेच्या व्हिसाला बायोमेट्रिक आणि मुलाखत बहुतेक वेगवेगळ्या दिवशी असतात. दोन्ही वेळा लागोपाठच्या दिवशी मिळतात का ते बघा, नाहीतर मुंबईच्या दोन फेऱ्या होतात आणि त्यात मजुरीचे दिवस जातात. ओटीपी येणारा नंबर चालू ठेवा. गावात रेंज जाते आणि पैसे भरायच्या पानाची वेळ तेवढ्यात संपते, त्यामुळे बुकिंग नाशिकला किंवा चांगलं नेट असेल तिथे बसून करा.

विमानतळ कोणता? ओझरहून देशांतर्गत विमानं आहेत. ओझर-दिल्ली आणि पुढचं परदेशी विमान एकाच पीएनआरवर असेल तरच घ्या. दोन वेगळी तिकिटं काढली आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर दुसऱ्याची जबाबदारी कुणी घेत नाही. आखात किंवा बँकॉकला जाणाऱ्यांनी सुरतही बघावं, तिथून दुबई, शारजा, बँकॉकची उड्डाणं सुरू झाली आहेत आणि धरमपूरकडून जाणारा रस्ता आपल्याला परका नाही. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू झाला, सुरुवात देशांतर्गत विमानांनी. म्हणून तिकिटावर ‘मुंबई’ एवढंच वाचून निघू नका, कोणता विमानतळ ते कोड बघून खात्री करा.

व्हिसा हातात येण्याआधी पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका. शेंगेनच्या अर्जाला प्रवासाचं आरक्षण दाखवावं लागतं, त्यासाठी रद्द करता येणारं तिकीट किंवा कंपनीकडून सीट काही काळ राखून घेण्याची सोय वापरा. ‘डमी तिकीट’ म्हणून दोनपाचशेला मिळणारा कागद कधी कधी खोट्या पीएनआरचा असतो. दूतावासाने तपासला तर नकार येतोच, आणि तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जात लिहावा लागतो.

आणि व्हिसा नाकारला गेलाच, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ निघालं, तरी सगळं गेलं असं समजू नका. डीजीसीएच्या नियमाप्रमाणे तिकीट रद्द केल्यावर सरकारी कर आणि विमानतळ शुल्क प्रवाशाला परत द्यावं लागतं, मूळ भाडं परत मिळत नसलं तरी. कंपन्या ते आपणहून आठवण करून देतातच असं नाही. उड्डाणाच्या वेळेआधी तिकीट रद्द करा, ‘नो-शो’ होऊ देऊ नका, आणि एजंटकडून काढलं असेल तर त्याच्याकडे करांचा तपशील असलेलं तिकीट मागून परताव्याचा अर्ज लेखी द्या.